पाणी घातलं होतं

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मधे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, हे एक कारण. दुसरं असं की जे लिहायचं होतं ते मी जरा टाळतच होते.

२०२३ च्या उन्हाळ्यात लेकीकडे कॅनडात गेले होते. एका शनिवारी जावयांनी गाडी काढली आणि आम्हाला टोरांटोपासून सुमारे ४०० किलोमीटरवरच्या सडबरीला नेलं. निकेल आणि तांब्याच्या खाणींचं हे शहर. शहर जवळ आलं तसे काळेकुट्ट खडक दिसू लागले. मी म्हटलं, "अगदी आपल्या सह्याद्रीसारखा काळा दगड!" जावई म्हणाले, "आई, हा दगड मूळचा फिकट आहे. धुरानं काळा झालाय."

मग त्यांनी सगळी हकिगत सांगितली. इथल्या खनिजात गंधक फार. ते काढून टाकायला १८८८ पासून लाकडांचे मोठे ढीग रचून त्यावर खनिज घालत आणि उघड्यावर महिनोन् महिने जळत ठेवत. हे १९२९ पर्यंत चाललं. गंधकाचा धूर जमिनीलगतच पसरायचा. सरपणासाठी आणि इमारतींसाठी जंगल तोडलं होतंच, उरलेलं या धुरानं गेलं. मुळं गेल्यावर माती पावसानं वाहून गेली आणि सुमारे २० हजार हेक्टर टेकड्या उघड्या बोडक्या झाल्या. पुढे मोठ्या भट्ट्या आल्या तरी धूर होताच. १९७२ साली ३८१ मीटर उंचीची चिमणी बांधली. गावातली हवा सुधारली, पण धूर लांब जाऊन पडू लागला. आपल्या अंगणातला केर शेजारच्या दारात लोटावा, तसं. २०२० साली ती चिमणी बंद केली, पण आम्ही गेलो तेव्हा उभी होती.

एवढं ऐकल्यावर मी उजाड माळच बघायच्या तयारीत होते. पण टेकड्यांवर चक्क पाईन आणि बर्चची झाडं! १९७८ पासून शहरानं हे काम हाती घेतलंय. सुरुवातीला सुट्टीतले विद्यार्थी आणि काम गेलेले कामगार चुनखडीच्या पुडीची पोती घेऊन टेकड्या चढले आणि हातांनी पूड पसरली. कारण माती आंबट झाली होती. अशा मातीत तांबं, निकेल, ॲल्युमिनियम विरघळून मुळांशी येतं आणि मुळं वाढतच नाहीत. चुन्यानं आंबटपणा मारला, मग गवत पेरलं, मग रोपं लावली. आजवर एक कोटीहून जास्त झाडं लावून झाली आहेत. आणि मुख्य म्हणजे १९७० च्या तुलनेत गंधकाचा धूर ९० टक्क्यांहून जास्त कमी केला. तो कमी केला नसता तर सगळा चुना वायाच गेला असता.

घरी परत आल्यावर नातीनं तिचं जीवशास्त्राचं पुस्तक दाखवलं. त्यात एका पानाचा फोटो होता. शिरा हिरव्या, पण शिरांच्या मधली जागा पांढरट-तपकिरी, भाजल्यासारखी. खाली लिहिलं होतं की गंधकाचा वायू पानावरच्या बारीक छिद्रांतून आत शिरतो, तिथल्या ओलाव्यात त्याचं आम्ल होतं आणि हिरवं द्रव्य नष्ट होतं.

फोटो बघून माझ्या पोटात खड्डा पडला. तसं पान मी पाहिलं होतं.

१९८६ साल असेल. आमच्या शाळेपासून थोड्या अंतरावर औद्योगिक वसाहत होती. सकाळच्या प्रार्थनेला कधीकधी घसा खवखवायचा, पण निम्म्या मुलांचे वडील तिथेच कामाला, त्यामुळे कुणी काही बोलत नसे. वृक्षारोपणात सातवीच्या वर्गाला कारखान्यांच्या बाजूची रांग मिळाली. एका मुलाकडे पाणी घालायचं काम होतं. दोन महिन्यांत ती रांग करपली आणि विहिरीकडची तरारली. मी त्याला वर्गासमोर उभं केलं. तो म्हणाला, "बाई, रोज घालतो हो पाणी." वर एक पान तोडून आणून दाखवलं. मी मराठी शिकवणारी, पानातलं मला काय कळणार? मी म्हटलं, "खोटं बोलू नकोस," आणि दोन दिवस वर्गाबाहेर उभं केलं.

भारतात परतल्यावर माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून त्याचा नंबर मिळवला. आता तो पन्नाशीचा, सांगलीला दुकान चालवतो. मी सगळं सांगून माफी मागितली. तो आधी हसला. "बाई, एवढं काय मनावर घेता?" मग जरा थांबून म्हणाला, "पण त्यानंतर मी मधल्या सुट्टीतपण पाणी घालायचो. डबा न खाता. तरी गेलीच हो ती."

मला पुढे बोलताच आलं नाही.

पस्तीस वर्षं मुलांना "झाडं हवा शुद्ध करतात" असं फळ्यावर लिहून दिलं. झाडालाही हवा लागते आणि वाईट हवेतून त्याला उठून जाता येत नाही, हे कधी लिहिलं नाही. तुमच्या आसपास कारखाना असेल आणि अंगणातली रोपं एकाच बाजूनं करपत असतील, तर पाणी घालणाऱ्याला बोल लावण्याआधी एक पान हातात घेऊन नीट बघा. एवढंच सांगायचं होतं.