अर्धा अंश

मे महिन्यात माझ्याकडे दोन गुलमोहर असतात. झाड एकच आहे, समोरच्या वसाहतीच्या भिंतीला टेकलेलं. उजवा डोळा मिटून पाहिलं की ते रसरशीत लाल दिसतं, डावा मिटला की विटकं. उजव्या डोळ्याच्या नसेला पूर्वी सूज येऊन गेली. नजर परतली, पण लाल रंग पुरता परतला नाही. दृष्टीच्या नसेला इजा झाली की बहुधा लालच आधी फिका पडतो, असं डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं होतं. पहाटे या दोन झाडांत फारसा फरक नसतो. अकराच्या सुमारास बाहेरून आले की उजव्या डोळ्यातलं झाड राखाडी झालेलं असतं, त्याच्या कडा हवेत विरत असतात. कूलरसमोर मान ओली करून निवांत बसलं की हळूहळू लाली पुन्हा चढते. घरातल्या कुणाला यातलं काही दिसत नाही. त्यांचं झाड दिवसभर लालच असतं.

नागपूरचा उन्हाळा आणि मल्टिपल स्क्लेरॉसिस, म्हणजे एमएस, या दोघांशी एकाच वेळी संसार करायचा तर ही ये-जा अंगवळणी पाडून घ्यावी लागते. विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने 1890 साली तिची नोंद केली. एमएसच्या काही रुग्णांची नजर श्रम केल्यावर मंदावते आणि विसाव्यानंतर पूर्ववत होते, असं त्याला आढळलं. त्याने दोष दिला श्रमाला. श्रमाने शरीर तापतं आणि खरी करणी त्या तापण्याची असते, हे पुढे उमगलं. निदान थोडं चुकलं तरी नाव त्याचंच राहिलं, आणि मला ते रास्त वाटतं. रुग्ण सांगतोय ते त्याने खरं धरलं, हेच मोठं.

शरीर आतून अर्धा अंश सेल्सिअसने तापलं तरी पुरतं. माझ्या माहेरचं शेत कालव्याच्या अगदी शेवटच्या टोकाला, त्यामुळे मला हे पाण्याच्या हिशेबाने समजतं. मेंदूतून सुटलेला निरोप मज्जातंतूंमधून पायापर्यंत जातो. या तंतूंवर मायलिनचं अस्तर असतं, आणि एमएसमध्ये शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती मेंदूतलं आणि मज्जारज्जूतलं ते अस्तर जागोजाग उखडून टाकते. अस्तर उखडलेल्या कालव्याचं पाणी वाटेत झिरपतं. टोकाला पोचतं, पण जेमतेम. तंतूवर सोडियमची सूक्ष्म दारं असतात, ती उघडली की विजेचा झोत पुढे सरकतो. उष्णतेने ही दारं लवकर मिटतात. धडधाकट तंतूत पाणी मुबलक असतं, त्याचं काही बिघडत नाही. माझ्याकडे जे जेमतेम पोचत होतं तेच तुटतं, आणि पाऊल टोकाच्या शेतासारखं वाट पाहत राहतं. गारवा मिळाला की दारं पूर्वीसारखी चालू लागतात.

म्हणजे ऊन नवी जखम करत नाही, जुनी उघडी पाडतं. कागदावर हे फार सोपं वाटतं. भर रस्त्यात, भाजीची पिशवी हातात असताना डावा पाय उचलेनासा झाला की ते आठवायला मन ठिकाणावर लागतं. ‘आता हा पाय कायमचा गेला’ हा विचार आधी येतो, उथॉफ मागाहून. डॉक्टरांनी दिलेला नियम म्हणून मी पाठच केला आहे: आधी सावली, पाणी, गारवा. त्याने उतरलं तर ते उन्हाचं. नवी तक्रार चोवीस तास टिकून राहिली, तर तो रोगाचा नवा हल्ला असू शकतो, तेव्हा फोन करायचा. आणि ताप आहे का, लघवीला जळजळ आहे का, हे आधी पाहायचं, कारण आतल्या तापानेही हुबेहूब तेच होतं.

एमआरआयचं यंत्र येण्यापूर्वी डॉक्टर एमएसचा संशय असलेल्या माणसाला गरम पाण्याच्या टबात बसवत. लपलेली लक्षणं वर आली की संशय पक्का. ही तपासणी पुढे बंद पडली, कारण यंत्रं आली आणि काहींची त्या टबात गेलेली ताकद लवकर परतेना. माझी ती तपासणी घरीच झाली, नरकचतुर्दशीच्या पहाटे. अंगाला तेल, उटणं, तांब्याच्या बंबातलं कढत पाणी आणि बाहेरून सासूबाईंचा आग्रह, ‘अजून दोन तांबे घे, अंग मोकळं होईल.’ अंग मोकळं झालं ते असं, की पाटावरून उठताच येईना. दोघींनी धरून बाहेर आणलं. फटाके सुरू व्हायच्या आत मी पुन्हा चालत होते, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. निदान व्हायला त्यानंतर बराच काळ गेला. आता माझं अभ्यंगस्नान कोमट पाण्याचं असतं. सासूबाईंनीच तसा नियम केला आणि शेजारच्या बायकांना त्या तो धर्मशास्त्रात असल्यासारखा सांगतात.

हा रोग तसा थंड देशांचा. विषुववृत्तापासून दूर जावं तसतसं त्याचं प्रमाण वाढतं, असं सर्वसाधारण चित्र आहे. आपल्याकडे तो विरळ, म्हणून ओळखीचा नाही. (अपवाद आपल्याच महाराष्ट्रातला: मुंबईच्या डॉ. नोशिर वाडियांनी 1990 मध्ये दाखवून दिलं की पारशी समाजात हा रोग चांगलाच आढळतो.) परिणामी एमएसबद्दलचा बहुतेक सल्ला थंड देशांत लिहिला जातो. उन्हाळ्यात दुपारी बाहेर पडू नका, खिडक्यांचे पडदे ओढून घ्या, एखाददुसरा कडक दिवस असेल तर घरीच थांबा. एखाददुसरा! विदर्भात मार्चच्या अखेरीपासून मृगापर्यंत हेच चालतं. जागतिक एमएस दिवस 30 मे रोजी असतो. सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की, 25 मेच्या सुमारास, आमच्याकडे नवतपा लागतो, म्हणजे हा दिवस बरोबर त्या नऊ दिवसांच्या मध्ये येऊन बसतो. तारीख ठरवणाऱ्यांच्या अंगणात तेव्हा ट्युलिप फुललेले असावेत. इथे त्या दिवशी जनजागृतीची फेरी काढायची म्हटलं, तर ज्यांच्यासाठी काढायची ते सोडून बाकी सगळे चालू शकतील.

हवामान खात्याच्या हिशेबात सपाट प्रदेशात पारा 45 अंशांवर गेला की उष्णतेची लाट, किंवा तो 40 ओलांडून नेहमीपेक्षा साडेचार अंश वर चढला की. माझी लाट या तक्त्यात बसत नाही. ती सहा शिट्ट्या होईपर्यंत गॅससमोर उभं राहिलं की येते. पुरणपोळ्या लाटताना येते, शाळेच्या तिसऱ्या मजल्यावर चढताना येते, भांडणात आवाज चढला तरी येते. शिवाय शरीराचं स्वतःचं घड्याळ आहेच. पहाटे आपण आतून सर्वांत थंड असतो आणि संध्याकाळकडे जाताना सुमारे अर्धा अंश तापतो, बाहेर काहीही असो. म्हणून डिसेंबरातही माझी तिन्हीसांज जड असते. मार्चपासून शाळा सकाळची होते, ते माझ्या पथ्यावर पडतं. फळ्यावरचं अवघड काम मी पहिल्याच तासाला उरकून घेते.

कूलरविषयी थोडं सविस्तर लिहिलं पाहिजे, कारण नागपुरात तो घरातला एक सदस्यच आहे. होळी झाली की माळ्यावरून उतरतो. मागच्या वर्षीचं गवत काढून फेकायचं, टाकी घासायची, पंप चालतो का पाहायचं, नव्या जाळ्यांत वाळा भरायचा. पहिल्या दिवशीचा तो ओल्या वाळ्याचा वास मला कुठल्याही अत्तरापेक्षा प्रिय आहे. कोरड्या हवेत पाण्याची वाफ होते आणि वाफ होताना ती हवेतली उष्णता ओढून घेते, एवढंच त्याचं शास्त्र. विदर्भाचा उन्हाळा ठणठणीत कोरडा, म्हणून तो इथे राजा. पण पहिला पाऊस पडला की गंमत होते. सगळं शहर सुटकेचा श्वास सोडतं, मुलं गच्चीवर नाचतात, आणि माझे वाईट दिवस सुरू होतात. हवेत ओल भरली की कूलरच्या पाण्याची वाफ होत नाही आणि माझ्या घामाचीही नाही. पारा आठ-दहा अंश उतरलेला, पण अंगातली उष्णता बाहेर पडायला वाट नाही. ‘आता तर गार झालं, आता काय?’ असं लोक विचारतात. मुंबईकर आणि कोकणातले एमएसवाले हे वर्षभर सोसतात, त्यांना माझा नमस्कार.

म्हणून आमच्याकडे एसी आला. त्यावरून नातेवाइकांत जी कुजबुज झाली ती माझ्या कानावर आली. मास्तरणीला एसी लागतो! माझ्या दृष्टीने तो गोळ्यांच्या डब्याशेजारी ठेवायची वस्तू आहे. फरक एवढाच, की औषधाचं बिल दाखवून सहानुभूती मिळते आणि विजेचं बिल दाखवून टोमणे. ज्या घरात एसी परवडत नाही आणि दुपारची वीज जाते, तिथली एमएस झालेली बाई काय करत असेल, हा विचार मला एसीखाली झोप येऊ देत नाही. ओला पंचा मानेवर, पाय गार पाण्याच्या बादलीत, हे तिला करता येईल. बर्फाचं पाणी घोट घोट पीत राहिल्याने श्रम जास्त वेळ झेपतात, हेही खरं. पण एमएसमध्ये लघवी धरून ठेवणं अवघड होतं. बाहेर पडायचं तर बायका पाणीच पीत नाहीत, कारण वाटेत धड स्वच्छतागृह नसतं. उन्हासाठी प्यावं तर ही पंचाईत, न प्यावं तर ऊन बसतं. यावर कुठल्याच पुस्तिकेत उत्तर नाही, ते नगरपालिकेकडे आहे.

अंतराळवीरांच्या पोशाखात थंड पाणी खेळवण्याचं तंत्र असतं. ते वापरून एमएसच्या रुग्णांसाठी जाकिटं निघाली, साधी बर्फाचे कप्पे असलेलीही निघाली. मी जुन्या बिनबाह्यांच्या जाकिटाला आतून कप्पे शिवून घ्यायला शिंप्याकडे गेले. ‘यात ठेवाचं काय आहे, ताई?’ त्याने विचारलं. ‘बर्फ.’ त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बाहेरच्या उन्हाकडे, आणि म्हणाला, ‘मंग माह्यासाठी बी एक शिवतो.’ हे जाकीट घालून बाहेर पडण्याआधीच शरीर थंड करून घेतलं की बँकेचं काम पायांवर उभं राहून होतं. सुती साडीवर ते शोभत नाही. शोभेचा प्रश्न मी मिटवला आहे.

मिटत नाही तो संशय. ‘काय वं, काल तर चांगली चालून राहिली होतीस!’ शेजारच्या काकूंच्या या वाक्यात दुष्टपणा काहीच नसतो. चढउतार असलेला आजार माणसांना पटत नाही, एवढंच. कायद्याला निदान नाव तरी पटलं आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले आणि त्यांत एमएस आला. सवलतींसाठी 40 टक्के लागतात. माझी तपासणी झाली ती जानेवारीतल्या गार सकाळी. मी सरळ रेषेत चाललेही, जिना चढूनही दाखवला. टक्केवारी त्या सकाळची निघाली आणि ती मला नवतप्यातही लागू आहे. पंख्याखाली एका भेटीत माणूस मोजणं ही पद्धतच या आजाराला चुकीची आहे. रुग्णाला वाईट असते त्या वेळेला बोलवा, किंवा डॉक्टरांनी ठेवलेली वर्षभराची नोंद पुराव्यात धरा. यात यंत्र लागत नाही की निधी.

आणि तुम्हा सगळ्यांना एक विनंती. मेमधल्या लग्नांच्या पत्रिका जरूर पाठवा. गोरज मुहूर्त असेल तर मी येईन, पहिल्या पंगतीला बसेन आणि मंडपातली सगळ्यांत गार हवेची खुर्ची निर्लज्जपणे मागून घेईन. मुहूर्त दुपारी साडेबाराचा असेल, तर आहेर आदल्या दिवशी घरी पोचेल. गैरसमज नसावा.