जाळीचं कपाट

जाळीचं कपाट मुळातच संशयी. मांजरावर त्याचा विश्वास नाही, मुंग्यांवर नाही, घरातल्या पोरांवर तर नाहीच नाही. म्हणून दारांना बारीक तारेची जाळी, कडी पोरांचा हात पोचणार नाही इतकी वर आणि चारी पाय पाण्याच्या वाट्यांत. दूध, सायीचं भांडं, सकाळची उरलेली भाकरी, दिसायचं सगळं, हाती काही लागायचं नाही. मज्जाव नव्हता तो फक्त वाऱ्याला, कारण तापवलेलं दूध कोंडलं की नासतं.

१९५८ साली गोदरेजने फ्रिज बनवायला घेतले. मध्यमवर्गीय घरांत ते सावकाश आले, पण आले तसं कपाट स्वयंपाकघरातून मागच्या गॅलरीत गेलं. तिथे त्याने रॉकेलचा डबा सांभाळला आणि एक दिवस भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढलं.

आमच्याकडचं पुण्याच्या जुन्या बाजारातलं. अंगावर हिरवा ऑइलपेंट, टवका उडालाय तिथे निळा, त्याखाली मळकट क्रीम. खिडक्या-दारांना लावून जो रंग उरेल तो याच्या वाट्याला येत असणार. विकणारा म्हणाला, ‘सागवान आहे.’ तिथे सगळंच सागवान असतं. पण खालच्या फळीच्या तळाला, जिथे रंगारी कधी वाकत नाही, तिथे किल्लीने ओरखडल्यावर सोनेरी तपकिरी लाकूड दिसलं आणि सागाचा तो तेलकट, उग्र वास आला. मग घासाघीस फार केली नाही.

असा रंग कोरडा घासू नये. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमच्या आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला आणि हे थर त्याच्या कितीतरी आधीचे. ओला करून पत्र्याने खरवडायचा, नाकाला मास्क, पोरं लांब. मग ८० नंबरचा पॉलिशपेपर, मग १२०, शेवटी २२०, तोही लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच. त्यावर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडा लाखेचे पातळ हात, कापडात गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्याने. लाखेवर गरम चहाचा कप टेकवला की पांढरं वर्तुळ उठतं, हे पाहुण्यांना सांगावं लागतं आणि ते त्यांना आवडत नाही.

हल्ली जुन्या लाकडाला पांढरा रंग फासून कडा मुद्दाम घासतात, जुनं दिसावं म्हणून. खऱ्या म्हाताऱ्याला म्हातारपणाचा मेकअप कशाला? आम्ही गंजकी जाळी काढून पितळी बसवली आणि पाठीला आतून खणाचं कापड लावलं, बस्स. कापड चिकटवलं गव्हाच्या खळीने. खळीत चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही, ही बाइंडिंगवाल्यांची जुनी युक्ती. मोरचूद विषारी, तेव्हा आत खाण्याचं काही ठेवायचं नाही हे ओघानं आलं. पुस्तकं ठेवली. पुस्तक मागून नेणाऱ्यांच्या बाबतीत कपाटाचं धोरण पूर्वीचंच आहे.

पायांवरून मात्र सुताराशी वाद झाला. वर्षानुवर्षं वाट्यांत उभं राहून चारी पाय खालून दोन-तीन बोटं काळे पडले होते. कितीही घासा, काळेपणा हटेना. तो म्हणाला, ‘कापून टाकू, एका रेषेत येईल.’ लाकूड टणक होतं, म्हणून राहू दिले. आता येणारे विचारतात, हे डिझाइन कुठून केलंत?

त्याचा दुसरा आग्रह उजव्या दारासाठी होता. जुलैत लाकूड फुगतं आणि ते दार अडकतं, ‘जरा रंधा मारतो’ म्हणाला. मारू दिला नाही. पावसाळ्यात तासलेल्या दाराला थंडीत फट पडते. दिवाळीपर्यंत किंचित उचलून लावायचं, पुढे ते आपोआप सुटतं.