काडतुसाचें दुसरें टोंक

गतवर्षीं माघांत काशी-गया आटोपून आम्ही सहकुटुंब कलकत्त्यास पुतण्याच्या बिऱ्हाडीं पंधरा दिवस राहिलों. कालीघाट, दक्षिणेश्वर, बेलूर मठ या स्थळांचीं वर्णनें या मासिकाच्या वाचकांनीं अनेकवार वाचलीं असतील. तीं पुन्हां लिहून आम्ही जागा अडवीत नाहीं. परंतु त्या मुक्कामांत आम्ही एक लहानशी यात्रा अशी केली कीं, तिचें क्षेत्र कोणत्याहि माहात्म्यांत सांपडावयाचें नाहीं. तिचें कारण मात्र पुष्कळ जुनें आहे.

छत्तीस वर्षें आम्हीं शाळेंत संस्कृत व इतिहास शिकविला. सातवीच्या वर्गांत १८५७ चें प्रकरण आलें कीं, "काडतुसांना गाईची व डुकराची चरबी लाविलेली असे व तीं दांतांनीं तोडावीं लागत" हें वाक्य आम्ही ठरल्याप्रमाणें सांगत असूं. एका वर्षीं मागच्या बांकावरील एक मुलगा उठला आणि म्हणाला, "गुरुजी, पण मुळांत काडतुसाला चरबी लावायचीच कशाला? तें काय तळायचं असतं?" वर्ग खो खो हांसला. आम्हीं त्याला तासभर बांकावर उभें केलें. शिक्षा उद्धटपणाबद्दल, असें त्या वेळीं आम्हींच आमच्या मनास बजावलें. खरें पाहतां, उत्तर आम्हांला ठाऊक नव्हतें.

पुतण्याच्या शेजारीं एक वृद्ध बंगाली गृहस्थ राहतात. इच्छापूरच्या सरकारी रायफल कारखान्यांत त्यांची सारी नोकरी झाली. ते आम्हांला 'मास्टरमोशाय' म्हणत. आमची वरील कथा ऐकून ते हांसले नाहींत. "उद्यां सकाळीं सियालदहला गाडी धरूं," इतकेंच म्हणाले. मंडळींनीं डब्यांत दशम्या व गूळ बांधून घेतला आणि आम्ही चौघें निघालों.

सियालदहहून उत्तरेस जाणारी ही लोकलची वाट हुगळीच्या कांठाकांठानें जाते. पहिलें मोठें स्टेशन दमदम. येथें कंपनी सरकारचा दारूगोळ्याचा कारखाना व नव्या बंदुकीचें शिक्षण देणारी शाळा होती. पुढें शतकाच्या अखेरीस येथेंच ती कुप्रसिद्ध फुटणारी 'दमदम' गोळी निघाली आणि १८९९ मध्यें हेग येथील परिषदेनें तिच्या जातीच्या गोळ्या निषिद्ध ठरविल्या. परंतु आमचें काम त्याच्या चाळीस वर्षें आधींच्या गोळीशीं होतें. १८५७ च्या जानेवारींत येथें कारखान्यांतील एका खलाशानें एका ब्राह्मण शिपायाजवळ लोटाभर पाणी मागितलें. विटाळाच्या भयानें शिपाई नाहीं म्हणाला. तेव्हां खलाशी म्हणाला, "थांब, लवकरच तुझी जात जाईल, गाईडुकरांची चरबी लावलेलीं काडतुसें तुला दांतांनीं तोडावीं लागतील." त्या वेळच्या अधिकाऱ्यांच्या कागदांत ही हकीकत २२ जानेवारीच्या सुमारास नमूद आहे. गाडी दमदम सोडून निघाली तरी तो लोटा आमच्या डोळ्यांपुढून हालेना. आपल्या सर्वांच्या घरीं तसा एखादा लोटा होता, हें कबूल करणें प्राप्त आहे.

सियालदहपासून सुमारें चौदा मैलांवर बराकपूर. गांव शांत, वृक्ष जुने, नदीचें पात्र विशाल. पैलतीरीं श्रीरामपूर दिसतें. तेथेंच केरीसाहेबानें १८०५ मध्यें मराठीचें व्याकरण छापिलें, हें आठवून परमुलखांत आपलें माणूस भेटावें तसा आनंद झाला. नदीकांठच्या मंगल पांडे उद्यानांत त्या शिपायाचा पुतळा आहे. २९ मार्च १८५७ रोजीं चौतिसाव्या पलटणीच्या या शिपायानें याच छावणींत आपल्या अधिकाऱ्यांवर शस्त्र उचललें व ८ एप्रिलला तो फांसावर गेला.

उद्यानांतील एका झाडाखालीं आम्ही बसलों. बाबूंनीं पिशवींतून वर्तमानपत्राचा कागद, शिशाची एक ओतींव गोळी आणि एक पुडी काढली. पुडींत दारू असेल या शंकेनें मंडळी दचकल्या. ती निघाली कलौंजी. बंगाली स्वयंपाकघरांतील काळें जिरें! "दिसायला दारू अशीच," बाबू म्हणाले, आणि त्यांनीं आमचा वर्ग सुरू केला.

ती बंदूक म्हणजे १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड. ठासणीचीच, म्हणजे दारू व गोळी तोंडाकडून घालून गजानें ठासावयाची. परंतु तिची एकोणचाळीस इंची नळी आंतून गुळगुळीत नसून तीन मळसूत्री खाचांची होती. त्या खाचा नळीच्या लांबींत अर्धा फेरा घेत व गोळीला भोंवऱ्यासारखी गति देत. जुन्या बंदुकीचा शंभर यार्डांपुढें भरंवसा नसे. हिच्या नेमपट्टीवर नऊशें यार्डांपर्यंत खुणा होत्या. मात्र अशा बंदुकीचे चोचले फार. दारू, गोळी आणि ठिणगी या तिन्ही तिच्या प्रकृतीला मानवतील अशाच निवडाव्या लागतात.

प्रथम दारू. पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा भाग कोळसा, दहा भाग गंधक हें इंग्रजी प्रमाण. सोरा बिहारच्या खाऱ्या मातींतला, गंगेनें नावांतून खालीं येई. कोळसा हलक्या लांकडाचा हवा. आपल्या देशांतील दारूच्या कारखान्यांत तुरीच्या काड्यांचा कोळसाहि चाले, हें ऐकून मंडळींस मोठें नवल वाटलें. तथापि प्रमाणाइतकेंच महत्त्व कणाला आहे. कण बारीक असेल तर दारू झटकन पेटते, जाड असेल तर सावकाश. पिस्तुलाला बारीक, तोफेला जाड, रायफलीला मधला कण. एका बाराला सुमारें साडेचार मासे दारू पुरे. "आणि आजची बिनधुराची दारू अशा जुन्या नळींत कोणीं घालूं नये," बाबू करड्या स्वरांत म्हणाले. "नळी फुटते आणि हातहि जातात."

मग गोळी. तिचें वजन तीन तोळ्यांस किंचित कमी. इंचाचे हजार भाग कल्पिले तर नळीचें पोट ५७७ भाग आणि गोळी ५६८ भाग. नऊ भागांची ही सैल जागा मुद्दाम ठेविलेली, कारण गोळी नळीइतकीच जाड केली तर ती हातोडीनें ठोकीत उतरवावी लागेल. परंतु सैल गोळीला खाचा पकडणार कशा? १८४९ च्या सुमारास मिन्ये नांवाच्या फ्रेंच कप्तानानें यावर तोड काढली होती. गोळीचें बूड पोकळ ठेवावयाचें. दारू पेटली कीं तिच्या रेट्यानें मऊ शिसें फुगतें आणि खाचांत घट्ट बसतें. म्हणून शिसें शुद्ध व मऊच हवें. दुसरा धातु मिसळून तें कठीण केलें कीं सारी युक्ति फुकट.

तिसरी ठिणगी. पूर्वी चकमक असे; पावसांत ती विझे. शिवाय तिचा झगझगाट आधीं व बार मागून, यामुळें पक्षी सावध होऊन उडून जात. या त्रासानें वैतागलेल्या फोर्सिथ नामक स्कॉच पाद्र्यानें आघातानें पेटणाऱ्या स्फोटक भुकटीची युक्ति काढून १८०७ मध्यें तिचें पेटंट घेतलें. पुढें ती भुकटी तांब्याच्या इवल्याशा टोपींत बसली. टोपी कान्यावर बसवावयाची, चाप ओढतांच घोडा तिच्यावर पडतो आणि ज्वाला आंत जाते. टोपी सैल नको, दमट नको. आणि पहिला बार भरण्यापूर्वीं एकदोन टोप्या नुसत्या उडवून काना मोकळा करून घ्यावयाचा.

"आतां तुमच्या मुलाचा प्रश्न," बाबू म्हणाले. त्यांनीं कागदाची सुरळी केली, तिच्या एका टोंकास गोळी बसविली, वरून कलौंजी भरली आणि दुसरें टोंक पिळून बंद केलें. "ही काळी दारू जळते तेव्हां तिचा निम्म्याहून अधिक भाग वायु होतच नाहीं, घनच राहतो. त्यांतला कांहीं घट्ट काजळी होऊन नळीला धरतो. उष्ण कोरड्या हवेंत तर तिचें कवच होतें. दहापंधरा बारांनंतर नऊ भागांची ती सैल जागा भरून जाते आणि गोळी उतरत नाहीं. म्हणून गोळीवरच्या कागदाला स्निग्ध लेप. लेप काजळीला मऊ ठेवतो. पुढची गोळी ती पुसत खालीं जाते."

इतकें साधें उत्तर! आम्ही गप्प बसलों. मग बाबूंनीं तें काडतूस आमच्या हातीं दिलें. "मास्टरमोशाय, दांतांनीं तोडायचें तें हें पिळलेलें, दारूचें टोंक. लेप असे तो गोळीच्या, म्हणजे दुसऱ्या टोंकाला."

क्षणभर आम्हांला वाटलें, मग सारा गैरसमजच होता कीं काय! परंतु मंडळींनीं तें काडतूस हातांत घेऊन उलटसुलट केलें आणि म्हणाल्या, "अहो, चरबी जिथं लावाल तिथं राहते थोडीच! उन्हाळ्यांत ती पाघळणार, कागदांत मुरणार, बोटांना लागणार. आणि तीं बोटं ज्याची त्याला जेवायला लागतातच कीं. पण मी म्हणते, मेण आणि तूप वापरायला काय झालं होतं?"

बाबूंनीं हात जोडले. "बौदी, पुढें तेंच सुचलें. पण वेळ गेल्यावर."

हकीकत अशी. हीं काडतुसें हिंदी हवेंत टिकतात कीं नाहीं हें पाहण्यासाठीं तीं १८५३ मध्यें प्रथम इकडे आलीं. तेव्हांच बंगाल सैन्यांतील कर्नल टकर यानें वर लिहून कळविलें होतें कीं, लेपांत शिपायांच्या धर्माला आक्षेपार्ह असें कांहीं नाहीं अशी खात्री झाल्याखेरीज तीं त्यांच्या हातीं देऊं नयेत. तो इशारा बस्त्यांत राहिला. पुढें लेपाची चरबी ठेकेदाराकडून आली. ती कोणत्या जनावराची, याची कोणीं खातरजमा केली नाहीं. दमदमचा बोभाटा झाल्यावर २७ जानेवारी १८५७ रोजीं हुकूम सुटला कीं, काडतुसें कोरडीं द्यावीं आणि शिपायांनीं आपल्या पसंतीचा लेप स्वतः लावावा. मार्चांत दांतांऐवजीं बोटांनीं फाडण्याची मोकळीकहि मिळाली. परंतु विश्वास एकदां गेला तो गेलाच. काडतुसाच्या नव्या कागदाच्या तुकतुकीचाहि संशय येऊं लागला. बहरामपूरच्या पलटणीनें फेब्रुवारींत जीं नाकारलीं तीं जुन्या बंदुकीचीं, आणि मेरठेस २४ एप्रिलला ९० पैकीं ८५ स्वारांनीं जीं घेतलीं नाहींत तींहि जुन्याच तऱ्हेचीं होतीं. १० मे रोजीं मेरठ पेटलें. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेनें उत्तरेस निघाले होते. त्यांना वाटेंत महूच्या बाजूस ही काडतुसांची वार्ता शिपायांच्याच तोंडून ऐकूं आली. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ मध्यें छापला गेला आणि घरोघर वाचला गेला.

आपल्या शास्त्रांत उपादान कारण आणि निमित्त कारण असा भेद करितात. मडक्याला माती हें उपादान, कुंभार हें निमित्त. अयोध्येचें राज्य खालसा होणें, समुद्रापार चाकरीची सक्ति, पगाराचीं गाऱ्हाणीं ही माती आधींपासून मळलेली होतीच. काडतूस निमित्त झालें. परंतु तें तरी कां व्हावें? ज्या लोकांनीं गोळी इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत मापली, दारूचा कण चाळून घेतला, टोपीची ठिणगी पारखून घेतली, त्यांनीं चौथी वस्तु, जिच्याशीं माणसाच्या मनाचा संबंध होता तीच, न विचारतां ठेकेदारावर सोडून दिली. बंदुकीला काय मानवेल हें त्यांनीं पाहिलें. ती धरणाऱ्या हाताला काय मानवेल हें विचारण्याची त्यांना गरज वाटली नाहीं. शिपायाचा प्रश्न त्यांनीं उद्धटपणांत जमा केला.

येथवर विचार आला आणि तो आपणांवरच उलटला. सनावळी बिनचूक, लढायांचीं ठिकाणें बिनचूक, नकाशे बिनचूक असा आमचा वर्ग चाले. आणि एका मुलाचा सरळ प्रश्न आम्हींहि तसाच उद्धटपणांत जमा करून त्याला बांकावर चढविलें होतें. लोट्याची गोष्ट तर आणखी जवळची. पाणी मागणाऱ्याला लोटा मिळाला असता तर १८५७ टळलें असतें असें कोणी म्हणणार नाहीं. पण तो तहानलेला माणूस तेवढा बोचरा शब्द बोलला नसता, हें खरें.

उन्हें कलतां आम्ही इच्छापूरच्या बाजूस थोडें गेलों. जेथें अठराव्या शतकाच्या अखेरीस कंपनीचा दारूचा कारखाना होता, त्याच जागीं १९०४ मध्यें रायफलींचा कारखाना उभा राहिला. बाबूंनीं बाहेरूनच फाटकास नमस्कार केला. परतीच्या गाडींत मंडळींनीं दशम्या काढल्या. बाबूंनीं त्या आनंदानें खाल्ल्या आणि त्यांच्या बाटलींतलें पाणी आम्हीं सर्वांनीं प्यालें.

घरीं आल्यावर त्या विद्यार्थ्याचा पत्ता मिळविला. तो आतां पन्नाशीच्या घरांत आहे. काडतुसाची आकृति काढून, दोन्ही टोंकांस खुणा करून आम्हीं त्याला चार पानी पत्र लिहिलें. शेवटीं लिहिलें: "तुझ्या प्रश्नाचें उत्तर देण्यास फार उशीर झाला. त्या दिवशीं तें आम्हांला येत नव्हतें, म्हणून तुला उभें केलें. चूक आमची होती."