सांधा

लासलगावाला समुद्र नाही. इथे लाटा उसळतात त्या कांद्याच्या भावाच्या. तेव्हा शिडाच्या होडीच्या डोलकाठीवरचा दिवा कसा दुरुस्त करावा, हे ज्ञान मला माझ्याच गच्चीवर होईल, असे कोणी म्हटले असते तर मी त्याला वेड्यात काढले असते!

आमच्याकडे आकाशकंदील गच्चीवरच्या वीस फुटी बांबूच्या टोकाला चढवायचा, ही बाबांची पद्धत. बाबा गेले, मी बांबू सोडलेला नाही. गेल्या धनत्रयोदशीच्या रात्री कंदील दोनदा लुकलुकला आणि विझला. बांबूच्या बुडाशी वायर जोडलेली आहे, तिथे मी टेस्टर टेकवला. तो लागला. "वीज आहे, बल्बच गेला," असा निकाल देऊन मी बांबू उतरवू लागलो.

"काका, थांबा," पुतण्या म्हणाला. "डोलकाठीला हात सगळ्यात शेवटी लावायचा!"

हा मुंबईला नोकरी करतो. 2010 साली कमांडर दिलीप दोंदे गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले, तेव्हापासून याला शिडांचे वेड. सुट्टीत मित्राच्या लहानशा होडीवर जातो. त्याचे वडील, म्हणजे माझा दादा, वाटणी झाल्यापासून सात वर्षांत दिवाळीला या घरी आला नव्हता. मुलगा मात्र आला होता.

तो सांगू लागला. डावीकडे तांबडा, उजवीकडे हिरवा, मागे पांढरा, असे तीन दिवे शिडाच्या होडीला रात्री लागतात. वीस मीटरपेक्षा लहान होडीला ते डोलकाठीच्या टोकाला एकाच कंदिलात बसवता येतात. सोय मोठी, पण तो विझला की तिन्ही विझले.

"एकदा परतताना आमचा असाच गेला. समोरून मालवाहू जहाज येत होतं आणि त्याला आम्ही दिसतच नव्हतो! बॅटरीचा झोत शिडावर मारत बसलो, म्हणून वाचलो."

दुसऱ्या दिवशी काठीवर चढून नवा बल्ब घातला, तरी उजेड नाही. दोष होता खाली, काठीच्या बुडाशी. सांध्यात खारा ओलावा शिरून तांब्याची तार कळकलेल्या भांड्यासारखी हिरवी पडली होती.

"पण मीटर?" मी विचारले.

"बल्ब काढून मीटर लावला, तर पुरे बारा व्होल्ट! मीटरला वीज लागते नखाएवढी. तेवढी कुजका सांधाही देतो. बल्ब बसवला, भार पडला, की दगा. तुमच्या टेस्टरचंही तेच."

आता तो कल्हई केलेल्या तांब्याची तार वापरतो. वायर टोकाशी बांधून घेतो, नाहीतर ती आपल्याच वजनाने सांध्याला ओढते.

मेन स्विच बंद करून त्याने काळी पट्टी सोडवली. आत माझीच घाईघाईने मारलेली पिळणी, पावसाने काळीहिरवी झालेली. त्याने कुजकी तार कापली, नवा सांधा केला. बांबू जागचा हलला नाही आणि कंदील लागला.

मी मात्र तिथेच बसून राहिलो. दादा आणि मी लग्नामुंजीत भेटतो. "काय, बरं आहे ना?" "बरं आहे." टेस्टर लागतो! दोघांनाही वाटते, वीज आहे. भार घालून मात्र सात वर्षांत कोणी पाहिले नाही.

त्याच रात्री फोन केला. "दादा, बांबूची वायर मी चुकीची जोडली होती. तू ये."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग आवाज आला, "सांध्याच्या अलीकडे बाबा वायरीला खाली झोका ठेवायचे. पाणी तिथूनच टपकायचं, सांध्यात शिरत नसे. ठेवला होतास?"

"नव्हता."

पाडव्याला तो आला. पिशवीत फराळाचा डबा होता आणि डब्यावर काळ्या पट्टीचे नवे रीळ.