चार छटांचा पडदा

रविवार, बनशंकरी.

काकांनी दुबईहून आणलेला गेमबॉय आज पुन्हा सुरू झाला. सेल पाझरून पत्त्यांवर हिरवट-पांढरा थर बसला होता. अल्कलाइन सेलचा पाझर अल्कधर्मी, म्हणून व्हिनेगरच्या बोळ्याने पुसला. एक पत्ती तरीही झिजलेलीच; एस. पी. रोडवरून नवी आणून डाग दिला. पडद्यावरच्या उभ्या कोऱ्या रेघा मात्र चिवट. आतल्या रिबनच्या जोडावर सोल्डरिंग आयर्न हलकेच फिरवलं, तेव्हा त्या एकेक करून भरून आल्या. काय आनंद झाला!

यंत्र १९८९ चं. त्याचे रचनाकार गुनपेई योकोई यांनी मुद्दाम जुनं, स्वस्त, मुरलेलं तंत्रज्ञान निवडलं: १६० बाय १४४ ठिपके, चार छटा, मागे दिवा नाही. रंगीत प्रतिस्पर्धी सेल भराभर संपवत. हा चार सेलवर दहा तासांहून जास्त चालतो. मला हा निर्णय फार थोर वाटतो.

दिवा नाही, म्हणून उजेड शोधावा लागतो. गॅलरीत ऊन आलं तशी लेक शेजारी येऊन बसली. टेट्रिसमध्ये तिने चार ओळी एकदम उडवल्या आणि यंत्र परत द्यायलाच तयार होईना. आता झेल्डा या खेळाच्या कार्ट्रिजमधला बटणसेल बदलायचाय. सेव्ह केलेला खेळ त्याच्याच जिवावर टिकतो.