न विचारलेला प्रश्न

आईच्या जखमेचे ड्रेसिंग करायला आलेल्या डॉक्टरांना ‘हात धुतलेत का?’ असे विचारणे आम्हां दोघा भावंडांना जमले नाही. वर्गात ‘प्रश्न विचारा’ असे बजावणारे आम्ही! रात्री सेमेलवाइस आठवला. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात शवविच्छेदन करून येणाऱ्या डॉक्टरांना त्याने क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये शेकडा १८ बाळंतिणी दगावत होत्या. जूनमध्ये जेमतेम २. तरीही सहकारी दुखावले. आपल्याच हातांनी मरण वाहून नेले, हे कोण कबूल करील? त्याचा ग्रंथ आला १८६१ मध्ये, पाल्हाळिक, संतापलेला. भाषेच्या प्राध्यापकांना हे बोचतेच. १८६५ मध्ये तो वेड्यांच्या इस्पितळात वारला, जखम चिघळून.

सकाळी डॉक्टर पुन्हा आले. आम्ही घसा खाकरला. तेवढ्यात आईच म्हणाली, “हात धुतलेत ना, डॉक्टर?”

ते मुकाट्याने बेसिनकडे वळले.