नान्नजच्या माळावर

शाळेची सहल म्हटली की सोलापुरात नळदुर्ग नाहीतर विजापूर. यंदा आम्ही मुलांना बार्शी रस्त्यावरच्या नान्नजला नेले. शहरापासून जेमतेम वीस-बावीस किलोमीटर. बसमधून उतरताच पहिला प्रश्न आला, "सर, जंगल कुठाय?"

समोर नुसता पिवळा माळ. कमरेला लागेल असे गवत, पायजम्याला चिकटणारी कुसळे आणि लांबवर काळविटांचा कळप. माळढोक दिसला नाही. देशभरातच तो दीडशेहून कमी उरला आहे, तोही बहुतेक राजस्थानात. उघड्या जमिनीवर एकच अंडे घालणारा हा पक्षी झाडी वाढली की जागा सोडतो. पूर्वी या माळावर सुबाभूळ, गिरिपुष्प लावले गेले, ते त्याला सोयीचे नव्हते.

वर्गात आम्ही शिकवतो की झाड हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून लाकडात साठवते. बरोबरच आहे. पण गवत आपली शिल्लक जमिनीखाली, मुळांत आणि मातीत ठेवते. वणवा लागला तर झाडाचा साठा धूर होऊन जातो. गवताचे वरचे पाते जळते, खालचे बहुतांश तसेच राहते. नांगर फिरला की मात्र तोही साठा सुटू लागतो. म्हणून माळ माळच राखणे हेही वनव्यवस्थापन आहे. २०१९ मध्ये राज्यात ३३ कोटी झाडांचा संकल्प झाला. संकल्प चांगला, पण साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पावसाच्या मुलखात कुठे काय लावायचे, हे आधी पाहायला नको का? टँकरने जगवलेल्या रोपाच्या हिशेबात डिझेलही धरावे लागते.

रोप लावावे, त्याचे फळ पाखराने खाल्ले तरी तो सदका ठरतो, ही शिकवण आपल्या घराघरांत आहे. पण अल्लाहने घालून दिलेला मीज़ानही आहेच, आणि या माळाचा समतोल गवताचा आहे.

दुसरी बाजूही मुलांनी ऐकली. अभयारण्य १९७९ साली जाहीर झाले ते ८,४९६ चौरस किलोमीटरचे. त्यात गावे, शेते, सगळेच आले. जमिनीच्या व्यवहारांत लोकांचे हाल झाले, आणि पुढे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. रस्त्याकडेला भेटलेल्या धनगर चाचांचा सवाल साधा होता: "माळ राखा बाबा, पण मेंढरं कुठं न्यायची?" आमच्याकडे उत्तर नव्हते. गवत कधी कापायचे, कुठे चारायचे, हे ठरवताना त्यांना बोलवावे, एवढे मात्र आम्हांला पक्के वाटते.

परतताना मुलांनीच ठरवले की यंदाची कडुनिंबाची रोपे कब्रस्तानच्या भिंतीकडेने लावायची. तिथे जनाज्याला आलेल्यांना उन्हात उभे राहावे लागते. पाण्याची पाळी सातवी-आठवीने वाटून घेतली आहे.